कात्री केव्हा, सुई केव्हा अन् लिहायचं केव्हा

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी शेजारच्या काकूंच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापून ठेवल्या. साडीतलाच पीस होता, रेशमी, ८० सेंटिमीटर, अन् काठ फक्त बाह्यांपुरता, त्यामुळे कापड दुहेरी न घालता एकेक बाही वेगळी बेतायची होती आणि दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेवायचा होता. बस एवढंच. पण पहिली बाही कापून झाली अन् कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद केला, येताना लहान्याला बाथरूममधून बाहेर काढलं, ब्लॉग वाचणाऱ्या एकीनं विचारलं होतं की उरेब पट्टी, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी, किती रुंद घ्यायची तर तिला उत्तर टाईप केलं, आणि परत येऊन बसले ती कागद तसाच सरळ ठेवून कात्री चालवली. दोन्ही बाह्या समोरासमोर मांडल्या तेव्हा दिसलं, मुंढ्याची, म्हणजे बाही खांद्याशी जोडतात त्या कडेची, पुढची खोल गोलाई दोन्हीत एकाच बाजूला. साधं सुती असतं तर कापड उलटं करून भागलं असतं, पण जरीचे धागे मागच्या बाजूला सुटे होते. इथं नागपुरात इतवारीच्या बाजारात तीन दुकानं फिरले, तो रंग मिळालाच नाही. शेवटी काकूंना खरं काय ते सांगितलं, साध्या रेशमी कापडाच्या बाह्या केल्या, त्यांना तो काठ लावून दिला आणि शिलाई घेतली नाही. काकू रागावल्या नाही. एवढंच म्हणाल्या, "अगं, कात्री हातात असताना बाकीच्यांना ओ कशाला देतेस?"

खाली जे सांगून राहिले ते सगळं त्या बाह्यांनंतर हळूहळू बसवलेलं आहे. मी घरीच असते, मोठी सातवीत आहे, लहाना सीनियर केजीत, सासूबाई आमच्याजवळच राहतात, ह्यांची नोकरी शिफ्टची. शिलाईची गिऱ्हाइकं आहेत अन् शिलाईवर मराठीतून ब्लॉगही लिहिते. ज्यांचं घर साधारण असंच आहे त्यांना यातलं बरंच कामी पडेल.

आधी मीही घड्याळाप्रमाणे वाटणी करून पाहिली होती. १० ते १२ शिलाई, १२ ते १ ब्लॉग, असं वहीत छान दिसते, पण पोराला ताप आला किंवा गावाकडून कोणी आलं की पूर्ण दिवस कोसळते आणि मग रात्री चिडचिड. म्हणून घड्याळ सोडलं अन् प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायला लागले, की हे मध्येच सोडून उठावं लागलं तर काय बिघडते? बेतणं अन् कापणं मध्ये सोडलं तर कापड वाया जाऊ शकते, ते परत जोडता येत नाही. मशीनवरची टिप मध्येच थांबली तर फार फार तर चार टाके उसवावे लागतील. हूक लावणं, काजं करणं, तुरपाई हे तर कोणाशी बोलता बोलताही होते. लिहायचं काम दोन प्रकारचं आहे, मुद्दे अन् मापं टिपून ठेवणं कुठंही जमते, पण ते नीट जोडून काढायला डोकं शांत लागते. तुम्ही आपली सगळी कामं अशी चार ढिगात टाकून पाहा, निम्मी ओढाताण तिथंच कमी होईल, कारण आपण शांत वेळ मिळाला की हूक लावत बसतो अन् पोट्टे भोवती नाचत असताना कापायला घेतो.

कापायची वेळ मी पहाटेची ठेवली आहे, साडेपाच ते पावणेसात, आठवड्यातून फक्त दोन दिवस, मंगळवार अन् शुक्रवार. त्या दोन दिवशी डब्ब्याची भाजी आदल्या रात्री चिरून फ्रिजमध्ये असते आणि कणीक सासूबाई भिजवतात. फोन स्वयंपाकघरात ठेवून येते. एका बैठकीत तीन ते चार ब्लाऊज कापून होतात, पण त्यासाठी मापं आणि खडूच्या खुणा आदल्या दिवशीच करून ठेवलेल्या पाहिजे. मापाच्या वहीतलं पान बघायचं, कागदी पॅटर्नवर बाण काढायचा की पुढची बाजू कोणती, आणि बाह्यांच्या कागदावर तर मी आता एका बाजूला मोठ्या अक्षरात "डावी" अन् उलट्या बाजूला "उजवी" लिहिते. कापून झालेला प्रत्येक ब्लाऊज अस्तर, हूक, पट्टी अन् मापाच्या चिठ्ठीसकट एका पिशवीत. मग दिवसभरात पंधरा मिनिटं जरी मिळाली तरी पिशवी उचलून सरळ मशीनवर बसता येते, शोधाशोध नाही.

उन्हाळ्यात तर आपल्या नागपूरला पहाटेशिवाय इलाजच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, २०१३ मध्ये तर ४७.९ पर्यंत गेला होता, अशा दुपारी कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरसमोर कापवत नाही, कारण पॅटर्नचे कागद उडतात, जॉर्जेट सरकते आणि कूलरचे बारीक शिंतोडे रेशमावर पडले तर डाग राहतात. मी मशीन कूलरच्या हवेच्या सरळ रेषेतून काढून बाजूच्या भिंतीला लावली आहे, हवा पाठीला लागते पण कापडाला नाही. मांडीवर एक सुती टॉवेल, घामाचा हात पुसल्याशिवाय हलक्या रंगाला लावायचा नाही. कूलरच्या ओलीनं सुई अन् बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) गंजते म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने दर दोन दिवसांनी तेलाचा एकेक थेंब, आणि तेल दिल्यावर आधी चिंधीवर टिप मारून बघायची, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कपड्यावरच पडते.

मशीनची कामं मी मुलं शाळेत गेल्यावर करते. इथं वेळ वाचवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे दोरा. एकेक ब्लाऊज सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवायच्या ऐवजी एका रंगाच्या दोऱ्याचं जे जे आहे ते एकत्र घ्यायचं. आज मरून रंग तर आज मरून रंगाचे तीन ब्लाऊज, एका परकराची झालर आणि मोठीच्या फ्रॉकची उसवलेली कड. सकाळीच त्या रंगाच्या तीन बॉबिन भरून ठेवायच्या. दुसरं म्हणजे सुई. कितीतरी बाया सुई तुटेपर्यंत बदलत नाही आणि मग टाके सुटले की मशीनला दोष देतात. सुती अन् अस्तराला १४ नंबर, पातळ रेशमी किंवा जॉर्जेटला ११, जीन्सला १६, आणि सात-आठ तास शिलाई झाली की नवी सुई. सुई दहा-बारा रुपयांची येते आणि उसवायला जाणारा अर्धा तास परत येत नाही.

माझा अंदाज विचाराल तर अस्तराच्या साध्या ब्लाऊजला आदल्या दिवशीच्या खुणा धरून कापायला अर्धा-पाऊण तास, मशीनवर दोन तास अन् हाताच्या कामाला पाऊण तास. म्हणजे साडेतीन तास. पण आठवड्याचा हिशेब करताना मी चार धरते. शिवताना आपण बाजूला माया ठेवतो नं, पुढे बाई जाड झाली तर उसवून सैल करता यावं म्हणून, तशीच माया आठवड्यालाही पाहिजे. म्हणून वहीत आठवड्याला सहाच ब्लाऊज लिहायचे, सातवा आला की पुढच्या आठवड्याच्या पानावर. "एकच तर फॉल आहे गं, बसल्या बसल्या लावून दे" म्हणणारी एक तरी मैत्रीण सगळ्यांना असते, तिला नाही म्हणायची गरज नाही, वही उघडून तिच्यासमोर तारीख लिहायची. लिहिलेली तारीख कोणालाच टोचत नाही असा माझा अनुभव आहे. तसंच गिऱ्हाइकांनी यायची वेळ मी दुपारी ४ ते ६ केली, आधी कोणी सकाळी आठला बेल वाजवायचं कोणी रात्री साडेनऊला, आणि ताट वाढून मी माप घेत उभी.

त्यातूनच एकदा सासूबाई बोलल्या. रागानं नाही, जेवताना सहज म्हणाल्या, "बाई, तू दिवसभर घरीच असतेस, पण आम्हाला दिसतच नाहीस." मला ते फार लागलं. त्या रात्री झोप आली नाही. खरंच, पोरगा शाळेतलं काहीतरी सांगून राहिला अन् मी "हो हो" करत बॉबिन भरत राहते, असं रोज होत होतं. तेव्हापासून संध्याकाळी ६ ला मशीनवर कापड पडते. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं ते झाकण आहे, ते मशीनवर पडलं की दुकान बंद हे लहान्यालाही कळते, तोच येऊन कोपरे ओढून नीट करते.

सहा ते नऊ घराचं. पण त्यात हाताचं काम बसते, अन् ते मी लपवत नाही. साडेसातला आईंची मालिका लागते (सासूबाईंना मी आई म्हणते), तेव्हा आम्ही दोघी एक पिशवी मधे घेऊन बसतो. काज त्या करतात. त्यांचा हात बघत राहावा असा आहे, दोरा मेणावरून एकदा ओढून घेतात, प्रत्येक टाक्याला सुईच्या टोकाभोवती दोऱ्याचा फास टाकतात आणि अंगठ्यानं दाबून पुढचा टाका, डोळे टीव्हीवर तरी एकही टाका कमी-जास्त नाही. मी हूक लावते अन् तुरपाई करते. मोठी तिथंच अभ्यासाला बसते, सुईत दोरा ओवून द्यायचं काम तिचं. आईंच्या कामाचे पैसे मी दर महिन्याला त्यांच्या हातात देते, आधी घेत नव्हत्या, मग मी म्हटलं की बाहेरच्या बाईकडून काज करून घेतले तर देईनच नं. आता त्या पैशातून नातवांना काही ना काही आणतात. घरातल्यांची मदत घेता तर ती मोजा, ही माझी फार कळकळीची विनंती आहे.

लहान मुलं असलेल्या घरात काही गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. पायमशीन असेल तर उठताना चाकावरचा पट्टा काढून ठेवायचा, मोटर असेल तर प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण मुलांना पेडल फार आवडते. कात्री खिळ्याला, उंचावर. टाचण्या मोजून घ्यायच्या आणि मोजून ठेवायच्या, आणि एक जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ ठेवा, उठायच्या आधी सतरंजीवरून अन् फरशीवरून एकदा फिरवलं की पडलेली सुई चिकटून येते. बटणांचा डब्बा तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती द्यायचाच नाही, चिंध्यांची थैली मात्र खुशाल द्या, माझा लहाना त्याच चिंध्यांचे झेंडे करून तासभर रमते.

आता ब्लॉगचं. सुरुवातीला माझी चूक अशी झाली की ब्लॉगसाठी वेगळं काहीतरी शिवायचं. म्हणजे गिऱ्हाइकाचं झालं की मग फोटोसाठी म्हणून एक डिझायनर ब्लाऊज, रात्री अकराला. दोन महिन्यात थकून गेले. आता नियम एकच, जे हातात आहे त्यातूनच पोस्ट निघाली पाहिजे. या आठवड्यात कटोरी ब्लाऊज आला तर कटोरीच्या टक्सवर (फिटिंगसाठी घालतात त्या निमुळत्या चुण्यांवर) लिहायचं, कोणाचा जुना ब्लाऊज सैल करायला आला तर माया कशी उसवायची यावर. फोटो शिवतानाच काढायचे, कारण टिप पडून गेल्यावर आतली बाजू परत दाखवता येत नाही. फोन धरायला मी तीन स्टीलचे डब्बे एकावर एक ठेवते, वरच्याला रबरबँडनं फोन बांधते, कॅमेरा खाली पाहते, दोन्ही हात मोकळे. सकाळी ९ ते १० खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला येते, ट्यूबलाइटमध्ये मरून रंग तपकिरी दिसते. व्हिडिओ करायचा असेल तर कूलर बंद केल्याशिवाय आवाज ऐकूच येत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी फोटोच घेते.

लिहायची सवय मी तीन तुकड्यात लावली. शिवता शिवता सुचलं ते फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीतच बोलून ठेवते, "मुंढा" अन् "उरेब" असले शब्द ते हमखास चुकीचे टाईप करते पण ते नंतर बदलता येतात. दुसरा तुकडा मेट्रोत. महिन्यातून दोनदा अस्तर अन् लेस आणायला गांधीबाग-इतवारीला जाते, सुभाषनगरला बसले की अग्रसेन चौकापर्यंत निवांत बसून मुद्दे ओळीनं लावून होतात, गाडी चालवत गेले असते तर ते झालं नसतं. तिसरा म्हणजे बुधवारची रात्र, मुलं झोपल्यावर एक तास, तेव्हा पोस्ट पूर्ण करायची अन् गुरुवारी सकाळी आपोआप जाईल अशी वेळ लावून ठेवायची, ब्लॉगर अन् वर्डप्रेस दोन्हीवर ती सोय आहे आणि दोन्ही फुकट सुरू करता येतात. आठवड्याला एकच पोस्ट. मुलांच्या परीक्षा असल्या की पंधरा दिवसांनी एक, त्यासाठी दोन पोस्ट आधीच लिहून शिल्लक ठेवते, लोणच्याच्या बरणीसारख्या.

मापं देताना इंच अन् सेंटिमीटर दोन्ही द्या, आपण गळ्याच्या उरेब पट्टीला सव्वा इंच म्हणतो पण नव्या शिकणाऱ्या मुली पट्टीवर तीन सेंटिमीटरची रेघ शोधतात. शीर्षक बाया जसं शोधतात तसंच असू द्या, "३४ साइज कटोरी ब्लाऊज कटिंग" हे सुंदर नसलं तरी सापडते. गिऱ्हाइकाचा चेहरा विचारल्याशिवाय टाकायचा नाही, मापं तर नावासकट कधीच नाही. मुलांचे फोटो मी घालते पण शाळेचा युनिफॉर्म अन् घराचा दरवाजा त्यात येऊ देत नाही. आणि वाचणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर दुपारच्या चहासोबत, वीस मिनिटं, एकदाच. ज्या दिवशी मी कापता कापता उत्तर द्यायला गेले त्या दिवशी काय झालं ते वर सांगितलंच आहे.

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर हवंच, कारण शिलाई, ब्लॉग अन् घर तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात ते सणांना. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधीचे पंधरा दिवस युनिफॉर्मच्या कडा अन् चड्ड्या लहान-मोठ्या करण्यात जातात. मग पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी बैल घेऊन सजून येतात, कोणाला शेतकऱ्याचं धोतर-बंडी पाहिजे कोणाला कृष्णाचं, आणि सगळ्या आया चार दिवस आधी येतात. मी तान्ह्या पोळ्याची पोस्ट एक महिना आधी टाकते, घरच्या जुन्या धोतरातून लहान मुलाचं धोतर कसं करायचं, कंबरेला इलास्टिक घालून आधीच चुण्या शिवून टाकायच्या म्हणजे पोरगं नाचलं तरी सुटत नाही. ती वाचून बऱ्याच जणी घरीच करून घेतात आणि माझ्याकडची गर्दी कमी होते, मला ते चालते. लगेच महालक्ष्म्या (म्हणजे गौरी), तेव्हा घरचंच एवढं असते की मी त्या आठवड्यात वहीत एकही नाव घेत नाही. नंतर दसरा, दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांचे पांढरे कुर्ते अन् पांढरे ब्लाऊज येतात, ते एकत्र घ्यायचे, एकच दोरा, पण त्याआधी मशीन पूर्ण पुसून, सुईखाली चिंधीवर दहा-पंधरा टिपा मारून, हात धुऊन. दिवाळीची नवी नावं मी दसऱ्यालाच बंद करते. दिवाळीत आपल्याच मुलीचा ड्रेस अर्धवट राहिला होता एका वर्षी, तिनं काही न म्हणता मागच्या वर्षीचा घातला. ते मला अजून आठवते. आता तिचं नाव दिवाळीच्या पानावर पहिलं असते, गिऱ्हाइकासारखं, तारखेसकट.

ह्यांच्याशी बोलणं सगळ्यात उशिरा झालं, ते आधी व्हायला पाहिजे होतं. मी गृहीत धरून चालले होते की त्यांना दिसतेच आहे. दिसत नव्हतं, कारण ते घरी असताना मी भाजी करत असायची अन् ते नसताना मशीनवर. एका रविवारी वही समोर ठेवून दाखवलं, या महिन्यात एवढे ब्लाऊज, एवढे पैसे, ब्लॉगच्या जाहिरातींचे इतके थोडे, आणि त्याला एवढे तास. आकडे बघून ते म्हणाले, रविवार सकाळचा नाश्ता माझ्याकडे. आता रविवारी तर्री पोहे तेच करतात, मुलं त्यांना कांदा चिरून देतात, आणि मला सलग दोन तास मिळतात. त्या दोन तासात मी फक्त नवीन काहीतरी शिकते, नाहीतर हातातलं काम तेच ते होत जाते.

एक छोटं काम मात्र रोज रात्री असते, ते चुकलं की दुसऱ्या दिवसाची घडी बसत नाही. दिवे बंद करायच्या आधी अजून न बेतलेलं, न कापलेलं सुती अस्तर काढून बादलीत भिजत घालायचं, रंगीत वेगळं अन् पांढरं वेगळं, कारण न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरचं रेशीम फुगून येते. पहाटे उठल्यावर दोरीवर टाकायचं, उन्हाळ्यात तर चहा होईपर्यंत सुकते, पावसाळ्यात पंख्याखाली टाकून किंचित ओलसर असतानाच इस्त्री मारायची.